एकाच माणसाचे जग

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच साहित्यिकाची ‘नोत्र दाम द पारी’ ही कादंबरी १८३१ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी निघालेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात ‘हंचबॅक’, म्हणजे कुबड्या, हा शब्द आला आणि पुढे जगभर ती त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. हे नामांतर आम्हाला अन्यायाचे वाटते. ह्यूगोने शीर्षकात देवळाचे नाव घातले होते, माणसाच्या पाठीवरचे कुबड नव्हे. क्वासिमोदो कसा दिसत होता यापेक्षा तो कुठे वाढला, कोणाच्या हाताखाली वाढला आणि त्याच्याभोवती कोण नव्हते, हे समजून घेतल्याशिवाय ही कथा समजत नाही. (१८३४ साली रोमने ही कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली होती. ती यादीच १९६६ साली रद्दबातल झाली. तेव्हा आमच्या सश्रद्ध वाचकांनी ती हाती घेण्यास संकोच करण्याचे कारण उरलेले नाही.)

या कथेच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. ज्या माणसाला आयुष्यात एकाच व्यक्तीचा सहवास लाभला, त्याने त्या व्यक्तीवर प्राणपणाने निष्ठा ठेवली, तर ती निष्ठा सद्गुण म्हणावी काय? आणि ज्याला उरलेल्या साऱ्या जगाने दगडच मारले, तो त्या जगावर खवळून उठला, तर त्या क्रोधाचे पाप कोणाच्या माथी जाते? ख्रिस्ती नीतिशास्त्र मनुष्याच्या स्वातंत्र्यावर उभे आहे. जे निवडता येते त्याचेच पाप आणि त्याचेच पुण्य. ज्याच्यापुढे निवडण्याजोगे दुसरे काही ठेवलेच गेले नाही, त्याचा हिशेब कसा मांडायचा?

प्रथम त्याच्या बालपणाकडे वळू. सन १४६७. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा पहिला रविवार. नोत्र दामच्या देवळात टाकून दिलेली मुले ठेवण्यासाठी एक लाकडी खाट असे; ज्याला दया येईल त्याने मूल उचलून न्यावे, अशी रीत होती. त्या सकाळी खाटेवर चारेक वर्षांचे, एका डोळ्यावर मस आलेले, वाकड्या अंगाचे एक पोर गुरकावत पडले होते. भोवती जमलेल्या भाविक बायका त्याला माणसाचे मूल मानायलाही तयार नव्हत्या. हे पाण्यात तरी टाकावे नाहीतर जाळून तरी टाकावे, इथवर त्यांची बोलणी गेली. इतक्यात क्लोद फ्रोलो नावाचा एक तरुण धर्मगुरू पुढे झाला आणि त्याने ते मूल उचलून आपल्या झग्यात घेतले. वर्षभरापूर्वी, १४६६ च्या प्लेगमध्ये, त्याचे आईवडील वारले होते आणि पाळण्यातला धाकटा भाऊ जेहान त्याच्या पदरी पडला होता. उद्या आपण मेलो तर आपला जेहानही याच खाटेवर पडेल, या विचाराने त्याचे काळीज हलले. या पोराला आपण वाढवू आणि त्याचे पुण्य जेहानच्या खाती जमा करू, जेहान पुढे चुकला तर ही शिल्लक त्याच्या कामी येईल, असे त्याने मनाशी ठरवले.

त्याने मुलाचा बाप्तिस्मा केला आणि त्या दिवसावरून त्याचे नाव क्वासिमोदो ठेवले. त्या रविवारच्या मिस्सेचे लॅटिन प्रवेशगीत याच दोन शब्दांनी सुरू होई. संत पेत्राच्या पहिल्या पत्रातील, नवजात बालकांसारखे व्हा, या बोधावरून ते घेतलेले आहे. त्या लॅटिन शब्दांचा नुसता अर्थ घेतला तर तो ‘जणू काही’, ‘बहुतेक’ असा होतो, आणि मूल अर्धवट आहे असेही फ्रोलोला सुचवायचे असेल, अशी पुस्ती ह्यूगो जोडतो. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालापासून हाच रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून पाळण्यास सांगितले, हे आपण सारे जाणतोच. ह्यूगोला त्याची कल्पना असणे शक्य नव्हते. पण आज ही कादंबरी वाचणाऱ्या कॅथोलिकाला या योगायोगापाशी क्षणभर थांबावेसे वाटते, कारण त्या दिवशी देवळात जी दया झाली ती खरीच होती. पुढे फ्रोलोच्या हातून जे काही घडले त्यामुळे ती खोटी ठरत नाही, असे आमचे मत आहे.

ती दया अपुरी मात्र होती. फ्रोलोने मुलाला अन्न दिले, छप्पर दिले, मोठ्या कष्टाने बोलायला शिकवले, लिहा-वाचायला शिकवले. लहानपणी कुत्री आणि पोरे भुंकत मागे लागली की क्वासिमोदो फ्रोलोच्याच पायांत शिरून लपत असे. यापलीकडे मात्र फ्रोलोने त्याला दुसरे माणूस दिले नाही. सवंगडी नाही, शेजार नाही, थट्टा करणारा म्हातारा नाही, रागावणारी आजी नाही. त्या मुलाने देवळालाच घर, गाव आणि देश मानले. भिंतींवरच्या संतांचे पुतळे त्याला हसत नसत म्हणून ते त्याचे मित्र झाले. पन्हाळींवरची राक्षसी तोंडे त्याच्यासारखीच होती, म्हणून त्यांचीही त्याला भीती वाटेना. तो तासन् तास एखाद्या पुतळ्यापुढे बसून बोले आणि कोणी आले की पळून जाई.

चौदाव्या वर्षी तो देवळाचा घंटा वाजवणारा झाला. या घंटांवर त्याने जे प्रेम केले त्याचे वर्णन हा कादंबरीतला अत्यंत हृद्य भाग आहे. प्रत्येक घंटेला नाव होते; मोठ्या घंटेचे नाव मारी, आणि ती त्याची सर्वांत लाडकी. (क्रांतीच्या काळात नोत्र दामच्या जवळजवळ सगळ्या जुन्या घंटा वितळवल्या गेल्या, २०१३ साली नव्या घंटा बसवल्या तेव्हा एका महाघंटेला पुन्हा मारी हेच नाव दिले गेले.) याच घंटांनी त्याचे कानांचे पडदे फाडले आणि तो ठार बहिरा झाला. जगाकडे उघडणारे एकच दार निसर्गाने त्याला धड दिले होते, ते त्याच्या प्रेमाच्या वस्तूनेच लावून घेतले. बहिरा झाल्यावर लोक हसतील म्हणून तो बोलणेही टाळू लागला. पूर्वी घंटा वाजवणे हे ख्रिस्तसभेत द्वारपालाच्या लहान दीक्षेचे काम मानले जाई. ती दीक्षा पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली बंद केली. द्वारपालाने दार उघडायचे आणि घंटा वाजवून लोकांना बोलवायचे, अशी त्यामागची कल्पना. क्वासिमोदोने अख्ख्या पॅरिसला मिस्सेला बोलावले आणि स्वतः मात्र मनोऱ्यातच राहिला. खाली जमलेल्या मेळ्यात त्याची जागा कोणती, हे त्याला कोणी कधी दाखवले नाही. बाप्तिस्म्याने मनुष्य ख्रिस्तसभेचा सदस्य होतो असे आपण शिकतो. या बाप्तिस्मा झालेल्या मुलाला पाहून गरोदर बायकांनी तोंड फिरवावे, असे त्याच ख्रिस्तसभेचे लोक रस्त्यात ओरडत.

अशा अवस्थेत त्याची फ्रोलोवरची निष्ठा वाढली. ह्यूगो तिला गुलामाच्या आणि कुत्र्याच्या निष्ठेची उपमा देतो. ती उपमा आम्हाला सर्वस्वी पटत नाही. तिच्यात कृतज्ञता होती, आणि कृतज्ञता हा माणसाचाच गुण आहे. परंतु तिच्यात एक मोठी उणीव होती. जो माणूस चार जणांमध्ये वाढतो त्याला लहानपणीच कळते की बाप एका बाबतीत बरोबर असतो आणि दुसऱ्या बाबतीत चुकतो, मामा आईपेक्षा वेगळे सांगतो, शेजारच्या घरी वेगळी शिस्त असते. या विसंवादातूनच तोलून पाहण्याची सवय लागते. क्वासिमोदोजवळ तोलायला दुसरे पारडेच नव्हते. फ्रोलो जे सांगेल ते बरे. म्हणून फ्रोलोने एका रात्री एस्मेराल्दा या नाचणाऱ्या मुलीला पळवून आणण्यास सांगितले, तेव्हा त्याने ते केले. पहारेकऱ्यांनी त्याला पकडले. फ्रोलो अंधारात निसटला. कोणी पाठवले हे क्वासिमोदोने शेवटपर्यंत सांगितले नाही.

खटल्याचा प्रसंग ह्यूगोने विनोदी केला आहे, पण वाचताना हसू ओठांवरच थिजते. न्यायाधीशही बहिरा आणि आरोपीही बहिरा. लेखनिकाला दया आली म्हणून त्याने आरोपीला ऐकू येत नाही हे न्यायाधीशाच्या कानात सांगितले. न्यायाधीशाला ते ऐकूच आले नाही आणि शिक्षेत एका तासाची भर पडली. मग ग्रेव्हच्या चौकात, चौथऱ्यावरच्या फिरत्या चाकाला बांधून, हजारो लोकांसमोर त्याला फटके मारण्यात आले. तेवढ्यात खेचरावर बसलेला एक धर्मगुरू गर्दीतून येताना त्याला दिसला. त्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर हसू उमटले. आपला माणूस आला! फ्रोलो जवळ आला, चौथऱ्यावर कोण आहे हे त्याने ओळखले, नजर खाली घातली आणि खेचर वळवून तो घाईने निघून गेला.

या ठिकाणी संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा’ ग्रंथाची आठवण येते. कृतज्ञतेची चर्चा करताना, उपकार करणारा पुढे दुराचारी झाला तर त्याचे ऋण कसे फेडावे, हा प्रश्न ते विचारात घेतात. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की त्याला सन्मार्गावर परत आणण्यास मदत करणे हीच त्याची परतफेड होय. तो सुधारण्यापलीकडे गेला असेल तर पूर्वीसारखे ऋण उरत नाही. तरीही त्याने केलेला उपकार होईल तितका स्मरणात ठेवावा. किती समंजस विचार आहे हा! पण तो अमलात आणायला माणूस मालकापासून दोन पावले दूर उभा राहू शकला पाहिजे. ज्याला उभे राहायला दुसरी जागाच नाही, तो फ्रोलोला सन्मार्गावर कसा आणणार? सन्मार्ग म्हणजे फ्रोलो जाईल तो मार्ग, एवढेच त्याला शिकवलेले होते.

त्यानंतर चौथऱ्यावर तो पाणी मागू लागला. लोक हसले. कोणी दगड मारला, कोणी गटारात बुडवलेला बोळा तोंडावर फेकला. तिसऱ्यांदा त्याने पाणी मागितले तेव्हा गर्दी दुभंगली आणि जिला त्याने पळवून नेण्याचा प्रयत्न केला होता तीच मुलगी चौथऱ्यावर चढून आली. आता ही सूड उगवणार, असे त्याला वाटले. तिने कमरेची तुंबडी सोडली आणि त्याच्या कोरड्या ओठांशी लावली. त्याच्या डोळ्यातून एक अश्रू ओघळला. जाणता झाल्यापासूनचा तो बहुधा पहिलाच, असे ह्यूगो म्हणतो. गुड फ्रायडेला क्रूसावरच्या तहानेवर आपण दरवर्षी मनन करतो, त्यामुळे या प्रसंगाचा वेगळा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आम्हाला येथे दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. त्या घोटाबरोबर क्वासिमोदोच्या जगात दुसरे माणूस आले. जगात एकच माणूस असताना आज्ञा पाळली की पुरते. दोन माणसे आली की कोणाचे खरे, कोणाचे बरे, हे पाहावे लागते. क्वासिमोदोच्या विवेकबुद्धीचा जन्म त्या घोटापासून झाला, असे आम्ही म्हणू.

आणि हा जन्म किती वेगाने फळाला आला पाहा! खोट्या आरोपावरून एस्मेराल्दाला फाशीची शिक्षा होते. देवळाच्या दारात तिला प्रायश्चित्तासाठी आणतात तेव्हा क्वासिमोदो दोरावरून खाली झेपावतो, तिला उचलतो आणि आश्रयाचा पुकारा करीत देवळात नेतो, कारण देवळाच्या उंबऱ्याआड राजाचा कायदा चालत नसे. वर खोलीत तो तिला अन्न देतो, आपले अंथरूण देतो आणि आपला चेहरा पाहून तिला भीती वाटते म्हणून स्वतः नजरेआड राहतो. तो तिला एक शिटी देतो. गरज पडली तर ही वाजव, हिचा आवाज मला ऐकू येतो, असे सांगतो. तिचे मन फीबस नावाच्या एका उथळ सैनिकावर जडलेले आहे हे ठाऊक असूनही तो त्याला बोलावण्यास जातो, परक्याच्या दारापाशी रात्र होईतो तिष्ठत राहतो, तिरस्काराचे उत्तर घेऊन परततो आणि तिचे मन दुखू नये म्हणून, फीबस मला भेटलाच नाही, एवढेच सांगतो. ती त्याच्यावरच रागावते. तो ते सोसतो. फ्रोलोच्या पायाशी बसून पंधरा वर्षांत जी गोष्ट त्याला शिकता आली नाही ती काही आठवड्यांत आली. आपल्या प्रेमाच्या माणसाला दुसरे कोणी आवडू शकते आणि तरी आपले प्रेम टिकू शकते, हे त्याला कळले. फ्रोलोसारख्या विद्वानाला ते अखेरपर्यंत कळले नाही. एकलकोंडे बालपण माणसाची प्रेमशक्ती मारून टाकते, असे म्हणणाऱ्यांना हा प्रसंग वाचायला द्यावा. ती शक्ती थिजून राहते, मेलेली नसते.

तथापि उशिरा शिकलेल्या माणसाचे नुकसान भरून येतेच असे नाही. एका रात्री शिटी वाजते. क्वासिमोदो अंधारात धावतो, तिच्यावर झडप घालणाऱ्या पुरुषाला खाली पाडतो, सुरा उगारतो, आणि चंद्रप्रकाशात दिसतो तो फ्रोलो. तत्क्षणी तो मागे सरकतो, गुडघे टेकतो आणि, आधी मला मारा, मग काय करायचे ते करा, अशा अर्थाचे बोलून सुरा पुढे करतो. दोन निष्ठांमध्ये निवाडा करण्याची त्याची ताकद तेवढीच होती. या प्रसंगात थोरपणा आहे, पण लाचारीही आहे, आणि दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

आता क्रोधाविषयी. सगळाच क्रोध पाप नव्हे, हे संत थॉमस यांनी स्पष्ट सांगितले आहे. विवेकाच्या मागून चालणारा, अन्याय दूर करू पाहणारा क्रोध निर्दोष असू शकतो. विवेकाच्या पुढे धावणारा क्रोध आंधळा होतो. क्वासिमोदोच्या रागाचे मूळ ह्यूगो त्याच्या कुरूपतेत पाहतो: कुरूप म्हणून तो रानटी आणि रानटी म्हणून दुष्ट. आमच्या मते येथे कादंबरीच ह्यूगोला खोडून काढते. राग त्याला लोकांनीच दिला; जे शस्त्र त्याच्यावर चालवले गेले तेच त्याने उचलले, हेही ह्यूगोनेच लिहिले आहे. पण राग कोणावर करावा आणि कोणावर करू नये, हे सांगणारे कोणी त्याच्याजवळ नव्हते. एका रात्री भिकाऱ्या-भामट्यांची टोळी मशाली घेऊन देवळावर चालून आली. त्यांना लूटही हवी होती, पण मुख्यतः ते आपल्या एस्मेराल्दाला सोडवण्यास आले होते. त्यांचे ओरडणे बहिऱ्या क्वासिमोदोला कळले नाही. हे तिला मारायला आले, असे समजून त्याने वरून तुळई टाकली, दगड टाकले, वितळलेले शिसे ओतले. माणसे होरपळून मेली. शिडीवरून वर चढलेल्या एका तरुणाला त्याने पायांना धरून भिंतीवर आपटले. तो तरुण म्हणजे जेहान. ज्याच्या नावे पुण्य जमा व्हावे म्हणून फ्रोलोने हे मूल उचलले होते, तोच त्या मुलाच्या हातून मेला. याहून विदारक म्हणजे नंतर आलेल्या राजाच्या शिपायांना, जे खरोखर तिला फाशी देण्यास आले होते, त्याने तिचे रक्षक मानले आणि देवळाचे कोनेकोपरे स्वतः दाखवत त्यांच्याबरोबर तिला शोधले.

या हत्यांचा दोष त्याला किती द्यायचा? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे की अज्ञान, भीती, सवय, अतिरेकी आसक्ती आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते. क्वासिमोदोला यांतील बहुतेक सगळी कारणे लागू पडतात. पण जबाबदारी कमी झाली म्हणून घडलेले वाईट वाईट राहत नाही असे नाही. मेलेली माणसे मेलीच. मग उरलेली जबाबदारी कोठे जाते? ती ज्यांनी त्याला तसे घडवले त्यांच्याकडे जाते, असे उत्तर सोपे आहे, आणि आम्ही ते अर्ध्यापर्यंत मान्य करतो.

अर्ध्यापर्यंतच, कारण फ्रोलो स्वतःही अशाच बालपणातून आलेला आहे. आईवडिलांनी त्याला लहानपणीच धर्मगुरू होण्यासाठी ठरवून टाकले आणि विद्यापीठातल्या एका कॉलेजात कोंडले. मिस्सेचे पुस्तक आणि शब्दकोश यांच्यात तो वाढला. त्याचे जगही पुस्तकांनी भरलेले आणि माणसांवाचून रिकामे होते. म्हणजे दोषाचा धागा मागे मागे नेत गेलो तर तो कुठेच संपत नाही. ह्यूगोला तेच सुचवायचे आहे. देवळाच्या भिंतीवर कोरलेला नियती या अर्थाचा एक ग्रीक शब्द आपण पाहिला होता आणि त्या शब्दावर हे पुस्तक बेतले आहे, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले आहे. फ्रोलोही याच शब्दाआड लपतो. कोळ्याच्या जाळ्यात सापडलेली माशी सोडवण्यास कोणी हात पुढे केला तर तो हात तो धरतो आणि नियतीला तिचे काम करू द्या, असे सांगतो. ख्रिस्ती मनुष्याला हे मान्य होण्यासारखे नाही. क्वासिमोदोला जगाचे काहीच ज्ञान नव्हते, तरी पाण्याचा एक घोट मिळताच तो बदलला. फ्रोलोजवळ सारे ज्ञान होते, त्याने प्रेमही करून पाहिले होते, त्याच्यापुढे निवड होती, आणि त्याने ती नाकारली. म्हणून दोघांचा क्रोध एकाच तराजूत टाकता येत नाही.

एस्मेराल्दाची तुलना तर आणखी बोलकी आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात कळते की ती रैंस शहरात जन्मलेली मुलगी. जिप्सींनी तिला पाळण्यातून पळवले आणि तिच्या जागी एक वाकडेतिकडे पोर ठेवून दिले. ते पोर म्हणजे क्वासिमोदो. एकाच पाळण्यातली ही अदलाबदल. ती मुलगी चोरांमध्ये, भटक्यांमध्ये वाढली, पण दहा जणांच्या लाडात वाढली. आणि शत्रूला पाणी पाजण्याइतकी तिची छाती मोठी झाली. तो मुलगा पवित्र देवळात, विद्वान धर्मगुरूच्या हाताखाली वाढला. ह्यूगोचा चर्चवरचा हा टोला आहे, असे म्हणून आपण तो सोडून देऊ शकतो. तसे करू नये. आमच्याकडेही अशी घरे आहेत जिथे मतिमंद वा अपंग मुलाला वेळेवर अन्न, औषध, स्वच्छ कपडे, सारे मिळते, रात्रीच्या रोजरीला त्याला बसवलेही जाते. मात्र मिस्सेला, लग्नाला, सणाला त्याला आणले जात नाही. लोक काय म्हणतील, त्याला त्रास होईल, अशी कारणे दिली जातात आणि ती खोटीही नसतात. दूरच्या आदिवासी पाड्यावरून घरकामाला आणलेली मुलगी बारा वर्षे एकाच घरात राबते, तिला फाटकाबाहेर कोणी ओळखीचे नसते, आणि आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की ही अगदी घरच्यासारखी आहे, फार इमानी आहे. ती इमानी आहेच. पण तिच्या इमानाची स्तुती करण्यापूर्वी, तिला विश्वासाने जाऊन बोलता येईल असे दुसरे दार या गावात आहे काय, हे कोणी पाहिले आहे काय? आणि एखाद्या दिवशी तिने भांडे आपटले, उलट उत्तर दिले, तर तो राग कोणत्या कोठडीतून आला हे विचारण्याऐवजी आपण कृतघ्नपणाचा शब्द उच्चारतो.

कादंबरीचा शेवट पुन्हा मनोऱ्यावर येतो. एस्मेराल्दा देवळातून नाहीशी झाल्यावर तिला नेणारा फ्रोलोच असावा हे क्वासिमोदोच्या ध्यानात येते. दुसऱ्या कोणावर तो तुटून पडला असता. फ्रोलोच्या बाबतीत त्याच्या रागाचे दुःखच होते. पहाटे तो फ्रोलोमागे वर जातो. फ्रोलो ग्रेव्हच्या चौकाकडे टक लावून पाहत असतो. त्याच्या नजरेच्या रोखाने क्वासिमोदो पाहतो, आणि तिकडे फाशीच्या दोराला ती लटकत असते. त्या क्षणी फ्रोलो हसतो. ते हसू क्वासिमोदोला ऐकू येत नाही, दिसते. तो मागून धावतो आणि फ्रोलोला खाली ढकलतो.

या कृत्याला आम्ही न्याय म्हणणार नाही. त्याच्या आयुष्यात क्रोध प्रथमच खऱ्या अपराध्यावर पडला, हे खरे. पण तो विवेकाच्या मागून आला नव्हता, आणि कोणाचाही जीव घेण्याचा अधिकार त्याला नव्हता. वाचकाने विसरू नये अशी एक बारीक गोष्ट ह्यूगो येथे नोंदवतो. फ्रोलो पडता पडता पन्हाळीला अडकला आणि बराच वेळ लोंबकळत राहिला. हात खाली केला असता तर क्वासिमोदोला त्याला वर ओढता आले असते. त्याने हात केला नाही, आणि लाथही मारली नाही. त्याने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तो फाशीच्या खांबाकडे पाहत होता आणि त्याच्या एका डोळ्यातून अश्रूंची धार लागली होती. फ्रोलोचा हात सुटल्यावर त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा खाली फरसबंदीवरच्या देहाकडे पाहिले. आपण जीव लावला तो याच दोघांना, असे तो स्वतःशी बोलला. ढकलून दिलेल्या माणसालाही त्याने त्यातून वगळले नाही.

घंटांनी कान नेल्यानंतर फ्रोलो आणि तो यांच्यात खुणांची एक भाषा तयार झाली होती. ती त्या दोघांखेरीज कोणाला समजत नसे. त्या दिवसानंतर क्वासिमोदो नोत्र दाममध्ये कोणालाच दिसला नाही.